‘स्वच्छ’ विजेचा न लिहिलेला खर्च

कॅनडातील क्वेबेक प्रांताची जलविद्युत् न्यूयॉर्क शहरात आणणाऱ्या १,२५० मेगावॅट क्षमतेच्या वाहिनीचे बांधकाम २०२२ साली सुरू झाले. पुष्कळसे अंतर सरोवराच्या व नदीच्या तळातून कापणाऱ्या या वाहिनीवरील विजेचा करार पंचवीस वर्षांचा आहे. तापमानवाढीच्या चिंतेने ग्रासलेल्या जगात अशा विजेचे स्वागत व्हावे, हे स्वाभाविकच होय. येथे कोळशाचा धूर नाही, राख नाही, अणुभट्टीचे भय नाही. पडणाऱ्या पाण्याने चक्र फिरावे आणि त्यातून दिवा लागावा, याहून निर्मळ व्यवहार कोणता? म्हणूनच या विजेला ‘स्वच्छ’ हे विशेषण लावले जाते आणि ते लावताना कोणाचीही जीभ अडखळत नाही.

तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने कोणत्याही वस्तूची स्वच्छता अथवा स्वस्ताई ही तिचा जमाखर्च कोठे सुरू केला आणि कोठे मिटविला यावर अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या मीटरपाशी हिशेब मांडला तर ही वीज स्वच्छच दिसेल. तोच हिशेब हडसन उपसागराच्या दक्षिणेस असलेल्या जेम्स उपसागराच्या किनाऱ्यावर, स्प्रूस वृक्षांच्या अरण्यातून वाहत येणाऱ्या नद्यांच्या मुखापाशी मांडला, तर काही वेगळ्या रकमा समोर येतात. त्या रकमा विजेच्या दरात कधीच उतरल्या नाहीत. त्या कोणी फेडल्या, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

शतकातील प्रकल्प

३० एप्रिल १९७१ रोजी क्वेबेकचे तत्कालीन मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी जेम्स उपसागराला मिळणाऱ्या नद्या अडवून वीजनिर्मिती करण्याची योजना जाहीर केली. ‘शतकातील प्रकल्प’ असे तिचे वर्णन झाले आणि तिचे आकारमान पाहता ते अगदीच अतिशयोक्त नव्हते. ला ग्रांद ही या योजनेची मुख्य नदी. ईस्टमेन व कॅनियापिस्को या नद्यांचे पाणी वळवून तिच्यात सोडण्यात आले आणि त्यायोगे तिचा सरासरी प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला. पहिल्या टप्प्यातच सुमारे ११,५०० चौरस किलोमीटर प्रदेश पाण्याखाली गेला, म्हणजे गोव्याएवढी तीन राज्ये. आज ला ग्रांद संकुलाची क्षमता सोळा हजार मेगावॅटहून अधिक आहे. कोयनेच्या १,९६० मेगावॅटशी ताडून पाहिल्यास या आकड्याचा अर्थ मनात ठसेल.

एवढी मोठी योजना आखताना हा प्रदेश जणू निर्जन आहे असे गृहीत धरण्यात आले होते. वस्तुतः क्री आणि इनुइट या मूळ रहिवाशांचे मिळून सुमारे दहा हजार लोक तेथे राहत होते. मासेमारी, शिकार आणि केसाळ जनावरांसाठी सापळे लावणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. योजना ठरविताना त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी न्यायालयात धाव घेतली. दीडशेहून अधिक साक्षीदार तपासल्यानंतर १५ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबविण्याचा आदेश दिला. अवघ्या एका आठवड्यात वरिष्ठ न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. काही हजार लोकांच्या गैरसोयीपुढे प्रांतातील साठ लाख लोकांच्या सोयीचे पारडे जड आहे, असा त्या स्थगितीमागील युक्तिवादाचा आशय होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. निकोलस काल्डर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ साली मांडलेली कसोटी अशी की, एखाद्या बदलाने ज्यांचा लाभ होतो ते तोटा सोसणाऱ्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल इष्ट समजावा. मात्र प्रत्यक्षात भरपाई दिलीच पाहिजे, असे ही कसोटी सांगत नाही. शिवाय तोट्याचे मोल पैशात करता येते आणि तो तोटा आधीच ठाऊक असतो, ही दोन गृहीतके तिच्या पोटात दडलेली आहेत. जेम्स उपसागराच्या प्रदेशात ही दोन्ही गृहीतके लटकी ठरली.

११ नोव्हेंबर १९७५ रोजी क्री, इनुइट आणि दोन्ही सरकारे यांच्यात करार झाला. २२ कोटी ५० लाख डॉलर भरपाई, शिकारीचे व मासेमारीचे हक्क, शिक्षण व आरोग्य यांचा कारभार स्थानिक लोकांच्या हाती, अशी त्याची प्रमुख कलमे होती. धरणग्रस्तांना इतकी व्यापक सनद त्यापूर्वी क्वचितच मिळाली असेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा करार झाला तेव्हा भिंती उभ्या राहत होत्या आणि पाणी अडायचे होते. त्या पाण्याखाली काय घडणार आहे, याची कल्पना करार लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही नव्हती.

बुडालेल्या अरण्याची करणी

उत्तरेकडील या अरण्याची प्रकृती उष्ण कटिबंधातील अरण्याहून अगदी भिन्न आहे. काळ्या स्प्रूसची बारीक अंगाची झाडे, त्यांच्या पायथ्याशी शेवाळाचा जाड गालिचा, कोरड्या उंचवट्यांवर दगडफुलाच्या जातीच्या वनस्पती आणि जागोजागी दलदली व तळी, असे त्याचे रूप. वर्षातील निम्मा काळ हिमाचा. थंडीमुळे पडलेले पान कुजत नाही, ते साचते. हजारो वर्षांचे असे न कुजलेले संचित जमिनीच्या वरच्या थरांत आणि दलदलींत साठून राहिलेले असते. या अरण्यांची खरी संपत्ती झाडांच्या खोडांत जेवढी आहे, त्याहून अधिक त्यांच्या पायाखालच्या मातीत आहे.

याच थरांत पाराही असतो. काही नैसर्गिक, काही दूरच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून वाऱ्याबरोबर येऊन पावसाने व हिमाने उतरलेला. जमिनीत असेपर्यंत तो बहुतांशी निरुपद्रवी असतो. परंतु जलाशयाचे पाणी चढले आणि माती, शेवाळ, झुडपे बुडाली की कुजण्याची क्रिया वेगाने सुरू होते. प्राणवायूचा तुटवडा असलेल्या त्या गाळातील जीवाणू या पाऱ्याचे मिथिल पारा नावाच्या संयुगात रूपांतर करतात. हे संयुग सजीवांच्या शरीरात मुरते व सहजी बाहेर पडत नाही. सूक्ष्म जीवांकडून लहान माशांत, लहान माशांकडून पाईकसारख्या शिकारी माशांत, असे प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढत जाते आणि शेवटच्या पायरीवर मासा खाणारा माणूस उभा असतो.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, धरणाने बाहेरून पाऱ्याचा एक कणही आणला नाही. जे होते त्याचे केवळ रूप पालटले. त्यामुळे बोट दाखवावे असे धुराडे नाही, की सांडपाण्याची मोरी नाही. शिकारी माशांतील पारा पाणी भरल्यानंतर दहा वर्षांच्या सुमारास शिखर गाठतो आणि मूळ पातळीवर येण्यास वीस ते तीस वर्षे लागतात. ला ग्रांदच्या जलाशयांतील पाईक माशांत पारा मूळच्या कित्येक पटींनी वाढला. विक्रीच्या माशांसाठी कॅनडाने ठरविलेली दर किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमची मर्यादा त्याने फार मागे टाकली. १९८४ साली नदीच्या मुखावरील चिसासिबी गावात झालेल्या तपासणीत सुमारे दोनतृतीयांश रहिवाशांच्या शरीरात पाऱ्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेहून अधिक आढळले. करारावर सह्या होऊन तेव्हा नऊ वर्षे लोटली होती. पाऱ्यासंबंधीचा स्वतंत्र करार त्यानंतर, १९८६ साली करावा लागला.

मिनामाटासारखी सामूहिक विषबाधा येथे घडली नाही, हे सांगणे न्यायाचे होईल. जुन्या जलाशयांतील माशांचा पारा पुढे ओसरत गेला, हेही खरे. लोकांच्या शरीरातील प्रमाणही घटले. पण त्याचे एक मोठे कारण असे की, लोकांनी मासे खाणे कमी केले.

ऋतूंची उलटापालट

पाऱ्याइतकाच मूलभूत, परंतु डोळ्यांना कमी दिसणारा बदल नदीच्या कालक्रमात झाला. उत्तरेकडील नदी हिवाळ्यात बर्फाखाली क्षीण होऊन निजते आणि मे-जूनमध्ये हिम वितळले की खळाळून उठते. माशांचे अंडी घालणे, पक्ष्यांचे येणे, काठावरच्या गवताचे उगवणे, सारे या घड्याळाशी बांधलेले. विजेची मागणी मात्र नेमकी उलट चालते. क्वेबेकमध्ये घरे विजेवर उबविली जातात, त्यामुळे जानेवारीच्या कडाक्यात मागणी शिगेला पोहोचते. साहजिकच उन्हाळ्याचे पाणी साठवायचे व हिवाळ्यात सोडायचे, हा धरणांचा नियम झाला. ला ग्रांदच्या मुखाशी हिवाळी प्रवाह मूळच्या सुमारे आठपट झाला. ज्या ऋतूत नदीने निजावे त्या ऋतूत ती दौडू लागली आणि उलट ईस्टमेनच्या मुखाशी मूळच्या पाण्याचा जेमतेम दशांश उरला.

याचे परिणाम एकामागून एक उलगडत गेले. वाढलेल्या प्रवाहाने बेट खचेल या भीतीने फोर्ट जॉर्ज हे जुने गाव १९७९ ते १९८१ या काळात हलवून मुख्य भूमीवर नवे चिसासिबी वसविण्यात आले. त्या नावाचा अर्थ ‘मोठी नदी’ असा आहे. मुखाजवळच्या बर्फावर चालणे धोक्याचे झाले. हिवाळ्यात समुद्राच्या बर्फाखाली गोड्या पाण्याचा थर दूरवर पसरू लागला. उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर उथळ पाण्यात उगवणारी गवताची कुरणे, ज्यांवर स्थलांतरी रानहंस पोसले जात, ती नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. तापत चाललेला समुद्र आणि बदललेला प्रवाह या दोहोंकडे शास्त्रज्ञ बोट दाखवितात. दोष एकट्या धरणांच्या माथी मारता येणार नाही. १९८४ च्या सप्टेंबरअखेर कॅनियापिस्को नदी ओलांडताना सुमारे दहा हजार कॅरिबू हरणे बुडून मेली. अतिवृष्टीमुळे हे घडले, असे सरकारी बाजूचे म्हणणे. जलाशयातून सोडलेल्या पाण्यामुळे घडले, असे इनुइटांचे म्हणणे. अशा वादांत पुराव्याचा भार नेहमी ज्याचे नुकसान झाले त्याच्याच शिरावर येऊन पडतो, हा जगभरचा अनुभव येथेही आला.

राष्ट्रीय उत्पन्नाचे आंधळेपण

आता या घडामोडी राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीत कशा उमटल्या ते पाहू. क्री कुटुंबाने नदीतून धरलेला मासा बाजारात येत नाही, म्हणून तो व्यवहारात उत्पन्नाच्या आकड्यात जवळजवळ शून्य धरला जातो. धरणाचा सिमेंट, मजुरी आणि यंत्रे यांवरील खर्च उत्पन्नात मिळविला जातो. तयार झालेली वीजही मिळविली जाते. मासा खाऊ नका, असा सल्ला मिळाल्यावर तेच कुटुंब दुकानातून डबाबंद मांस व गोड पेये विकत आणते. तीही उत्पन्नातील वाढ. पारा तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा खर्च ही वाढ, वैद्यकीय पाहणी ही वाढ आणि भरपाईतून बांधलेली इमारत हीसुद्धा वाढच! या वहीत एका नदीच्या विटाळण्याने संपन्नता पायरीपायरीने चढत जाते. उणे बाजूला लिहायला जागाच नसल्यामुळे तेथे काही लिहिले जात नाही.

मासा हा येथे केवळ प्रथिनांचा पुरवठा नव्हता. तो धरताना बापाकडून मुलाला नदीचे ज्ञान मिळे, तो वाटून घेताना नाती सांभाळली जात आणि तो खाल्ल्याने शरीर धड राहत असे. क्री समाजात पुढील दशकांत मधुमेह फैलावला. बैठे जीवन, दुकानी अन्न, वस्त्यांचे बदललेले स्वरूप अशी त्याची अनेक कारणे आहेत आणि एकट्या पाऱ्यावर त्याचे खापर फोडणे अशास्त्रीय ठरेल. परंतु पाऱ्याच्या भयाने मासा सोडून देणे हेच प्रकृतीला अधिक अपायकारक ठरू नये, अशी काळजी खुद्द आरोग्याधिकाऱ्यांना वाटू लागली. कोणता मासा, कोणत्या तळ्यातला व किती खावा, याचे बारीक कोष्टक लोकांना द्यावे लागले. ज्या नदीतून डोळे मिटून अन्न घ्यावे तिच्यापाशी कोष्टक घेऊन जावे लागणे, हा खर्च डॉलरमध्ये कसा मांडणार?

या संदर्भात १९७५ च्या करारातील एक तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. जे क्री कुटुंब वर्षातील ठरावीक काळ अरण्यात राहून शिकार करील, त्याला तेथे घालविलेल्या दिवसांच्या हिशेबाने उत्पन्नाची हमी देणारी योजना १९७६ पासून अमलात आली. शिकार हा फावला उद्योग नसून पूर्ण व्यवसाय आहे आणि अरण्यात राहण्याला समाजाच्या लेखी मोल आहे, हे राज्यसंस्थेने त्यायोगे मान्य केले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितज्ञांना जे दिसले नाही ते येथे करारात लिहिले गेले. मात्र त्या अरण्यातील माशांचे काय, हा प्रश्न ती योजना सोडवू शकत नव्हती.

संमतीचे मोल

दुसऱ्या टप्प्यात चित्र पालटले, आणि ते का पालटले हे समजून घेणे अगत्याचे आहे. ग्रेट व्हेल नदीवरील पुढील धरणांची योजना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुढे आली तेव्हा क्री लोकांपाशी पाऱ्याचा अनुभव होता. त्यांचे तरुण नेते मॅथ्यू कून कम यांनी हा प्रश्न थेट ग्राहकाच्या दारात नेला. १९९० साली क्री आणि इनुइट मंडळी एका खास बांधलेल्या होडीतून न्यूयॉर्कला पोहोचली आणि दिव्याचे बटण दाबणाऱ्याला त्या विजेचा उगम ठाऊक झाला. न्यूयॉर्कने १९९२ साली खरेदीचा मोठा करार रद्द केला. त्यामागे वीजबचतीमुळे घटलेल्या मागणीचा हिशेबही होता. म्हणजे काटकसरीने भागत असेल तर नदी अडविण्याची गरजच उरत नाही, हेही त्यातून सिद्ध झाले. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री झाक पारिझो यांनी योजना बाजूस ठेवली.

तथापि ही कथा धरण म्हणजे पाप आणि विरोध म्हणजे पुण्य, इतकी सरळ नाही. ७ फेब्रुवारी २००२ रोजी क्री समाजाचे प्रमुख टेड मोझेस आणि मुख्यमंत्री बेर्नार लांद्री यांनी नवा करार केला. पन्नास वर्षांत सुमारे साडेतीन अब्ज डॉलर, वनकटाईच्या नियमनात वाटा आणि रोजगार यांच्या मोबदल्यात क्री नेतृत्वाने रूपर्ट नदीचे बरेचसे पाणी वळविण्यास मान्यता दिली. त्याहून मोठी एक जुनी योजना त्या बदल्यात सोडून देण्यात आली. सर्व गावांना हे रुचले नाही आणि काहींनी उघड विरोध केला. २००९ साली पाणी वळविले गेले. या निर्णयाची योग्यायोग्यता क्री समाजानेच ठरवायची आहे. परंतु १९७१ आणि २००२ या दोन प्रसंगांतील भेद निर्विवाद आहे. पहिल्या वेळी निर्णय आधी झाला व किंमत नंतर कळली. दुसऱ्या वेळी किंमत बव्हंशी ठाऊक होती आणि होकार वा नकार देण्याचे सामर्थ्य ज्यांना ती मोजायची होती त्यांच्या हाती काही अंशी आले होते.

हिशेब कसा मांडावा

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कोळशाशी तुलना करता उत्तरेकडील जलविद्युतेचा वातावरणावरील भार फारच थोडा आहे. आक्षेप खरा आहे. जलाशयातील कुजणाऱ्या वनस्पतींतून कर्बवायू व मिथेन बाहेर पडतात, विशेषतः पहिल्या काही वर्षांत. तरीही दर युनिटमागे ते प्रमाण कोळशाच्या पासंगालाही पुरत नाही. तापमानवाढ रोखायची तर जगाला अशी वीज हवीच. किंबहुना उत्तरेकडील अरण्यांना सर्वांत मोठा धोका त्याच तापमानवाढीचा आहे. २०२३ च्या वणव्यांत कॅनडाचे सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले आणि क्वेबेकच्या अरण्याचा धूर जूनमध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उतरला.

पण एका प्रकारचे देणे फेडले म्हणून दुसऱ्या प्रकारचे देणे माफ होत नाही. कोळशाची वीज आपला खर्च साऱ्या जगावर थोडाथोडा वाटून देते. धरणाची वीज तो एका खोऱ्यावर एकवटून टाकते. पहिल्याची आकडेवारी आता सर्वतोमुखी झाली आहे. दुसऱ्याची केवळ त्या खोऱ्यातील लोकांना ठाऊक असते. म्हणून नव्या योजनांच्या बाबतीत तीन गोष्टींचा आग्रह धरणे अगत्याचे आहे. पाणी भरण्यापूर्वी किमान तीस वर्षांच्या परिणामांचा अंदाज, माशांतील पाऱ्यासह, प्रकल्पखर्चात धरला जावा. जे लोक नदीतून अन्न घेतात त्यांची संमती भिंत उभी राहण्याआधी मागितली जावी आणि नकाराला खरा अर्थ असावा. तिसरे, पुढे जे अकल्पित निघेल त्याची भरपाई करण्यासाठी विजेच्या दरातच कायमचा वाटा राखून ठेवला जावा, जेणेकरून नऊ-दहा वर्षांनी नव्या वाटाघाटींसाठी कोणाला दारोदार फिरावे लागणार नाही.

असे केल्यास वीज काहीशी महाग होईल, हे उघड आहे. परंतु ती आजही तितकीच महाग आहे. फरक एवढाच की, वरची रक्कम न्यूयॉर्कच्या ग्राहकाच्या देयकात दिसण्याऐवजी चिसासिबीच्या ताटात उतरते. आर्थर पिगू यांनी १९२० सालीच दाखवून दिले होते की, जो खर्च करणाऱ्यावर न पडता दुसऱ्यावर पडतो तो बाजाराला दिसत नाही, म्हणून शासनाने तो दाखवून द्यावा लागतो. शंभर वर्षांनंतरही हा धडा नदीपाशी आला की विसरला जातो. ‘स्वच्छ’ हे विशेषण विजेने कमवायचे असेल, तर तिच्या हिशेबाची सुरुवात मीटरपाशी न होता नदीपाशी झाली पाहिजे.